पोळीभाजी केंद्राची डिजिटल जाहिरात: पैसे सगळ्यात शेवटी

डोंबिवली पूर्वेला, स्टेशनपासून चालत दहा-बारा मिनिटांवर, एक पोळीभाजी केंद्र आहे असं धरू. दोघीजणी पोळ्या लाटतात, एकजण भाजी-आमटी बघते, काउंटरला घरातलंच कोणीतरी. दोन्ही वेळच्या मिळून तीनेकशे पोळ्या जातात. गणपतीत उकडीचे मोदक, दिवाळीत फराळ, संक्रांतीला गुळपोळ्या. जाहिरातीसाठी महिन्याला हजार रुपयांच्या वर काढणं जमणार नाही. हा लेख अशा दुकानासाठी आहे. शिवणकाम, पार्लर, सायकल दुरुस्ती, शिकवणी यांनाही तपशील बदलून हाच क्रम चालतो.

अशा धंद्याचं गिऱ्हाईक दोन किलोमीटरच्या आत राहतं आणि त्याला भूक आधीच लागलेली असते. दुकान कुठे आहे, आत्ता उघडं आहे का, भाव काय, फोन उचलतात का, एवढं त्याला मिनिटभरात कळलं की ते येतं. बहुतेक नवखे मात्र उलट्या टोकाकडून सुरुवात करतात. आधी पैसे देऊन इन्स्टाग्रामची पोस्ट ‘बूस्ट’ करतात, आणि ती बघून फोन करणाऱ्याला नंबर बंद लागतो. म्हणून इथला क्रम असा: नकाशावरची नोंद, मग रिव्ह्यू, मग व्हॉट्सॲप, मग थोडे फोटो-व्हिडिओ, आणि हे सगळं चालू लागल्यावर खिशात हात.

आधी नंबर, जीमेल आणि पाटी

दुकानासाठी वेगळं सिम घ्या. मुलाचा किंवा भाच्याचा नंबर देऊ नका. तो पुढे नोकरीसाठी बाहेरगावी जातो आणि दुकानाचे फोन त्याला मीटिंगमध्ये येत राहतात. हा नंबर एकदा छापला की पुढची दहा वर्षं बदलायचा नाही अशा तयारीनेच घ्या.

जीमेल खातं मालकाच्या नावाने, मालकाच्या फोनवर काढा आणि पासवर्ड घरातल्या वहीत लिहून ठेवा. ‘ऑनलाइनचं बघणाऱ्या’ ओळखीच्या मुलाने त्याच्याच जीमेलवरून नोंद केली, तर कागदोपत्री ती नोंद त्याची होते. तो संपर्कात राहिला नाही की फोन नंबर बदलण्यासाठीसुद्धा अर्ज-विनंत्या कराव्या लागतात.

नाव पाटीवर आहे तेच सगळीकडे वापरा. महाराष्ट्रात २०२२ च्या कायदादुरुस्तीपासून छोट्या दुकानांनाही मराठीत, देवनागरीत पाटी लावणं बंधनकारक आहे. ती लावलेली नसेल तर आधी ते काम उरका, कारण पुढे गूगलला व्हिडिओ दाखवताना हीच पाटी लागणार आहे.

गूगलवरची नोंद

‘गूगल बिझनेस प्रोफाइल’ फुकट आहे. पूर्वी याला ‘गूगल माय बिझनेस’ म्हणत. २०२१ मध्ये नाव बदललं आणि नंतर त्याचं वेगळं ॲपही बंद झालं. आता सगळं काम गूगल सर्चमधून किंवा मॅप्सच्या ॲपमधून होतं. यूट्यूबवर ते जुनं ॲप उघडून दाखवणारे व्हिडिओ अजून सापडतात, त्यांच्या नादाला लागू नका.

नवीन नोंद करण्याआधी मॅप्सवर आपलं दुकान शोधा. एखाद्या गिऱ्हाइकाने ते आधीच टाकलेलं असू शकतं. सापडलं तर त्याच नोंदीवरून मालकीचा दावा करा. ती दुसऱ्या कोणाच्या ताब्यात असेल तर तिथूनच मालकी मागता येते. समोरच्याला उत्तर द्यायला तीन दिवस असतात. हे न बघता दुसरी नोंद केली की एकाच दुकानाच्या दोन नोंदी होतात, रिव्ह्यू दोन्हीकडे विभागले जातात आणि एखादी नोंद गूगल उडवूनही टाकतं.

नोंद भरताना या क्रमाने जा:

१. नाव. पाटीवरचं, तेवढंच. ‘अमुक पोळीभाजी केंद्र – बेस्ट टिफिन डोंबिवली ईस्ट’ असं शेपूट जोडायचा मोह होतो, कारण शेजारचा तसं करून वर आलेला दिसतो. ते नियमाविरुद्ध आहे. कोणी तक्रार केली की प्रोफाइल निलंबित होऊ शकतं, आणि नेमकं गणपतीच्या आठवड्यात तसं झालं तर परत मिळेपर्यंत हंगाम गेलेला असतो.

२. वर्ग. एक मुख्य वर्ग आणि त्याशिवाय नऊपर्यंत जादा वर्ग घेता येतात. नऊ घ्यायची गरज नसते, दोन-तीन पुरतात. कोणता घ्यावा हे कळत नसेल तर मॅप्सवर ‘पोळी भाजी’ शोधा, वर येणाऱ्या पाच दुकानांच्या नावाखाली कोणता वर्ग लिहिला आहे ते पाहा आणि त्यातला आपल्या कामाशी जुळणारा निवडा. सगळ्या भरलेल्या माहितीत शोधावर सगळ्यात जास्त परिणाम या मुख्य वर्गाचा होतो, म्हणून इथे पाच मिनिटं जास्त घालवा.

३. पत्ता. गिऱ्हाईक दुकानात येत असेल तर पत्ता दाखवा. घरून फक्त डबे पोचवत असाल तर पत्ता लपवून ‘सेवा क्षेत्र’ भरा. वीसपर्यंत भाग टाकता येतात. जिथे तुमचा पोरगा खरोखर सायकलवर डबा नेतो तेवढेच भाग टाका. अख्खा ठाणे जिल्हा टाकल्याने कल्याणच्या माणसाला तुम्ही वर दिसाल असं होत नाही.

४. पिन. पत्ता टाकल्यावर पिन आपोआप बसते आणि बऱ्याचदा चुकीच्या जागी, इमारतीच्या मागच्या गल्लीत बसते. नकाशा मोठा करून ती बोटाने ओढून दुकानाच्या दारावर आणा. मग दुसऱ्याच्या फोनवरून दिशा लावून स्टेशनपासून एकदा चालत या. डिलिव्हरीवाला तुम्हाला फोन करून ‘कुठे आहात’ विचारत असेल तर पिन चुकली आहे असं समजा.

५. वेळा. पोळीभाजी केंद्र दिवसभर उघडं नसतं. सकाळी ११ ते २:३० आणि संध्याकाळी ६:३० ते ९:३० अशा दोन वेळा वेगवेगळ्या भरता येतात. सरसकट ‘११ ते ९:३०’ भरलं की चार वाजता कोणीतरी येऊन बंद शटर बघतो आणि तिथेच उभा राहून एक तारा देतो. सणासुदीच्या वेळा वेगळ्या रकान्यात टाकता येतात. लक्ष्मीपूजनाला अर्धा दिवस, भाऊबीजेला बंद, हे आठवडाभर आधी भरून ठेवा.

६. वर्णन. ७५० अक्षरं मिळतात. पहिल्या दोन ओळींत काय मिळतं, कुठे, भाव कुठून सुरू होतो आणि ऑर्डर कधीपर्यंत द्यायची हे लिहा. ‘दर्जेदार सेवा हेच आमचं ब्रीद’ या वाक्याने कोणाचं पोट भरत नाही. आजूबाजूच्या सोसायट्यांत अमराठी बिऱ्हाडं बरीच असतील तर टिफिन, चपाती हे शब्दही वाक्यात येऊ द्या.

७. मेनू आणि भाव. भाव लपवल्याने फोन वाढतात, ऑर्डरी वाढत नाहीत. भाव वाढवलात की त्याच दिवशी इथेही बदला. दुकानात एक आणि गूगलवर दुसरा भाव असला की काउंटरवर वाद ठरलेला.

यानंतर गूगल पडताळणी मागतं. हल्ली बहुतेकांना व्हिडिओ मागितला जातो. तो त्या प्रक्रियेतूनच, सलग, न कापता काढावा लागतो. किमान अर्धा मिनिट. रस्त्यावर उभे राहून सुरुवात करा, गल्लीची पाटी किंवा शेजारची ओळखीची दुकानं दिसू द्या, मग आपली पाटी, मग कुलूप उघडून आत, तवे, पोळपाट, काउंटर. कुलूप उघडणं महत्त्वाचं, कारण दुकान तुमच्या ताब्यात आहे हे त्यातून कळतं. घरगुती धंदा असेल तर अन्न परवान्याचा कागद आणि स्वयंपाकाची मोठी भांडी दाखवा. बायकांचे चेहरे, बँकेचे कागद व्हिडिओत येऊ देऊ नका. निकाल यायला पाच कामाचे दिवस लागू शकतात. त्या काळात नाव-पत्त्यात बोटही घालू नका, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. व्हिडिओ नाकारला जातो तो बहुतेक वेळा पाटी न दिसल्यामुळे किंवा संध्याकाळच्या अंधारात काढल्यामुळे. सकाळी दहाला काढा.

फोटो दहा-बारा पुरेत. रस्त्याच्या पलीकडून दुकान, पाटी वाचता येईल असा एक, हा सगळ्यात उपयोगी फोटो आणि तोच बहुतेकांकडे नसतो. मग भावफलक, तव्यावर फुगलेली पोळी, भरलेला डबा, सणाचे पदार्थ. उजेड खिडकीचा घ्या, ट्यूबलाइटखाली आमटी हिरवट दिसते. फोनच्या कॅमेऱ्याची काच आधी पदराने नाही, कोरड्या सुती फडक्याने पुसा. स्वयंपाकघरात वावरणाऱ्या फोनवर तेलाचा थर असतोच आणि मग सगळे फोटो धुक्यात काढल्यासारखे येतात. इंटरनेटवरून उचललेली थाळी लावू नका, गिऱ्हाईक ती ओळखतं.

जवळपासच्या शोधात कोण वर येणार हे गूगल जुळणी, अंतर आणि नावलौकिक अशा तीन गोष्टींवर ठरवतं, आणि त्यात वर येण्यासाठी पैसे भरता येत नाहीत असं गूगल स्वतःच सांगतं. अंतर तुमच्या हातात नाही. जुळणी वर भरलेल्या माहितीतून होते. राहिला नावलौकिक.

रिव्ह्यू मागायचे कसे

प्रोफाइलमध्ये रिव्ह्यू मागण्याची लिंक आणि क्यूआर कोड तयार मिळतो. तो साध्या कागदावर छापून, लॅमिनेट करून काउंटरला लावा. खर्च तीस-चाळीस रुपये. पैसे भरायच्या यूपीआय कोडला अगदी खेटून लावू नका, लोक चुकीचा कोड स्कॅन करतात आणि रांग अडते.

नुसता कागद लावून कोणी लिहीत नाही, तोंडाने मागावं लागतं. रोज येणाऱ्या गिऱ्हाइकाला डबा हातात देताना: ‘काका, गूगलवर दोन ओळी लिहाल का? नवीन लोकांना कळतं.’ दिवसाला दोघांना विचारलंत आणि आठवड्यात तिघांनी लिहिलं तरी सहा महिन्यांत सत्तरच्या पुढे जाता. काय आवडलं तेही लिहायला सांगा. ‘मेथीची भाजी घरच्यासारखी’ असं लिहिलेला रिव्ह्यू नुसत्या पाच ताऱ्यांपेक्षा वाचणाऱ्याला जास्त सांगतो.

रिव्ह्यूच्या बदल्यात सवलत किंवा एक लाडू फुकट देणं गूगलच्या नियमात बसत नाही. फक्त खूश दिसणाऱ्यांनाच विचारणंही बसत नाही. पैसे देऊन आणलेले पन्नास रिव्ह्यू तर चुकूनही नको. ते एका रात्रीत येतात, लिहिणारे चार राज्यांतले असतात, आणि काढून टाकले जाताना कधी खरे रिव्ह्यूही सोबत जातात.

वाईट रिव्ह्यूला उत्तर द्या, पण तासाभराने, राग उतरल्यावर. उत्तर तक्रार करणाऱ्यासाठी कमी आणि पुढे वाचणाऱ्यांसाठी जास्त असतं. नमुना: ‘काल रात्री पोळ्या गार मिळाल्या, माफ करा. सव्वानऊनंतर आम्ही नव्याने लाटत नाही, असतील त्याच देतो. हे काउंटरला सांगायला हवं होतं. आता तशी पाटी लावली आहे.’ एवढंच. ‘तुम्ही आलाच नव्हतात’ किंवा ‘आमच्याकडे रोज शंभर लोक जेवतात’ ही वाक्यं खरी असली तरी लिहू नका. रिव्ह्यू खोटाच असेल, म्हणजे दुसऱ्या दुकानाचा किंवा शिवीगाळीचा, तर तो गूगलला कळवायची सोय तिथेच आहे.

व्हॉट्सॲप बिझनेस

हे वेगळं ॲप आहे, फुकट. एकच नंबर साध्या व्हॉट्सॲपवर आणि यावर एकाच वेळी चालत नाही. घेतलेलं नवं सिम इथे कामाला येतं. प्रोफाइलमध्ये पत्ता, वेळा आणि दुकानाचा फोटो घाला. देवाचा फोटो घरच्या नंबरला ठेवा.

मग चार गोष्टी बसवून घ्या. पहिला, स्वागताचा संदेश. तो नव्या माणसाला, किंवा चौदा दिवस काही बोलणं न झालेल्याला, आपोआप जातो. त्यात ‘आपले स्वागत आहे’पेक्षा आजच्या वेळा आणि ऑर्डरची मुदत लिहा. दुसरा, दुकान बंद असतानाचा संदेश: ‘आता बंद आहे, सकाळी १० ला उत्तर देतो.’ तिसरी, तयार उत्तरं: तिरकी रेघ आणि छोटा शब्द टाकला की पूर्ण मजकूर येतो. भाव, पत्ता, महिन्याचा डबा, मोदक, फराळ अशी पाच पुरतात. पीठ लागलेल्या हातांनी टाइप करायचं असतं, तेव्हा यांची किंमत कळते. चौथी, लेबलं. ‘नवी ऑर्डर’, ‘पैसे बाकी’, ‘पूर्ण’ एवढी रोज लावलीत तर दिवाळीच्या गर्दीत कोणाची चकली राहिली हे शोधायला दोनशे चॅट उघडाव्या लागत नाहीत.

कॅटलॉगमध्ये पदार्थ फोटो आणि भावासकट टाका. पाचशे वस्तू मावतात, तुम्हाला पंधरा लागतील. चकली, शेव, चिवडा किलोच्या आणि पावकिलोच्या भावाने वेगळ्या टाका, नाहीतर ‘हा भाव कितीचा?’ हा प्रश्न संपत नाही. पाकिटावर आणि शक्य तिथे कॅटलॉगमध्येही अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक असू द्या.

ऑर्डर घेतल्यावर उलट टपाली हा मजकूर जायलाच हवा: ‘उकडीचे मोदक २१ नग, चतुर्थीला सकाळी ९:३० ला दुकानातून न्यायचे. एकूण ₹७३५, आगाऊ ₹३५० मिळाले, बाकी ₹३८५. बदल असेल तर आदल्या दिवशी दुपारी १२ पर्यंत कळवा.’ सणाच्या सकाळी होणारी निम्मी भांडणं वेळेवरून होतात. नैवेद्य बाराच्या आत दाखवायचा असतो आणि सगळ्यांना साडेअकरालाच मोदक हवे असतात. म्हणून वेळ गिऱ्हाइकाला विचारू नका, अर्ध्या-अर्ध्या तासाचे गट करून त्यातला निवडायला सांगा आणि प्रत्येक गटात वाफवता येतील तेवढेच घ्या.

ब्रॉडकास्ट यादीत (एकच संदेश प्रत्येकाला वेगवेगळा पोचवणारी यादी) २५६ जण बसतात, पण ज्याने तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यालाच संदेश पोचतो. ‘पाठवलं तर आहे, कोणी बघत कसं नाही’ याचं कारण बहुधा हेच. काउंटरच्या पाटीवर आणि डब्याच्या चिठ्ठीवर लिहा: ‘नंबर सेव्ह करा, रोजची भाजी कळेल.’ याद्या दोन ठेवा: महिन्याचे डबेवाले आणि फक्त सणाला घेणारे. पहिल्यांना भाजीचा संदेश रोज चालतो, सकाळी साडेनऊ-दहाच्या सुमारास, डबा न्यायचा की नाही हे ठरण्याआधी. दुसऱ्यांना वर्षातून सात-आठ संदेश बस्स. त्यांना रोज भेंडी-बटाटा पाठवलात तर ते ब्लॉक करतात, आणि बऱ्याच जणांनी ब्लॉक किंवा रिपोर्ट केलं की नंबरच बंद पडू शकतो. कोणाचाही नंबर विचारल्याशिवाय यादीत घालू नका, आणि गिऱ्हाइकांचा ग्रुप तर काढूच नका. त्यात सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात आणि तिसऱ्या दिवशी कोणीतरी सुप्रभात टाकतं.

सोसायटीच्या ग्रुपवर जायचं असेल तर आपण घुसू नये. तिथे राहणाऱ्या, आपल्याकडून घेणाऱ्या एका ताईंना विचारा, त्यांनी सेक्रेटरींना विचारावं, आणि सणाआधी एकच फोटो भाव आणि नंबरसकट जावा. ताईंच्या नावाने आलेला तो एक फोटो पैसे देऊन केलेल्या जाहिरातीपेक्षा जास्त ऑर्डरी आणतो.

इन्स्टाग्राम: आठवड्याला एक रील

खातं व्यावसायिक करा, बायोमध्ये, म्हणजे नावाखालच्या ओळखीच्या ओळींत, भाग, वेळा आणि व्हॉट्सॲपची लिंक. रोज पोस्ट टाकायची गरज नाही. आठवड्याला एक रील, उभं, पंधरा ते पंचवीस सेकंदांचं. पहिल्या दोन सेकंदांत हात आणि पदार्थ दिसले पाहिजेत. दुकानाचं नाव फिरत येणारी सुरुवात कापून टाका. व्यावसायिक खात्यांना सिनेमाची बरीचशी गाणी वापरता येत नाहीत, आवाज बंद होतो. त्याची खंत नको. फोडणीचा, तळणाचा, कळ्या पाडताना चाललेल्या गप्पांचा खरा आवाज ठेवा. ठिकाण टॅग करा. ‘भावासाठी मेसेज करा’ लिहू नका, भाव लिहा.

आता पैसे

प्रोफाइल पडताळलेलं आहे, वीसेक रिव्ह्यू आहेत, व्हॉट्सॲपवर कामाच्या वेळेत दहा मिनिटांत उत्तर जातं आणि विकायला हंगामी काहीतरी आहे. एवढं असेल तरच पुढे वाचा. रोजच्या पोळीभाजीची पैसे देऊन जाहिरात करू नका. तीस-चाळीस रुपयांच्या खरेदीत जाहिरातीचा खर्च निघत नाही. मोदक, फराळ, गुळपोळ्या, महिन्याचा डबा, यांचीच करा.

समजा गणपतीत ११ मोदकांची ऑर्डर ₹३८५ ची आहे आणि पिठी, नारळ, गूळ, तूप, गॅस, मजुरी जाऊन ₹१२० उरतात. जाहिरात दिवसाला ₹१५०, पाच दिवस, म्हणजे ₹७५०. त्यावर १८ टक्के जीएसटी ₹१३५. एकूण ₹८८५. म्हणजे आठ ऑर्डरी आल्या की खर्च निघाला, त्यापुढे कमाई. हा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय कार्डाचा नंबर टाकू नका. जीएसटी नोंदणी असेल तर जाहिरातीच्या खात्यात आपला जीएसटी क्रमांक भरा, पण तो कर वजा मिळेलच असं धरू नका. तयार जेवण ५ टक्के दराने विकणाऱ्यांना ती वजावट मिळत नाही. कंपोझिशनवाल्यांना, म्हणजे उलाढालीवर ठोक कर भरणाऱ्यांनाही, मिळत नाही.

पोस्टखालचं ‘बूस्ट’चं बटण सोपं आहे, पण त्यावर बहुधा नुसत्या पसंत्या (लाइक) येतात. त्याऐवजी फोन किंवा लॅपटॉपवर मेटाचं (इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप चालवणारी कंपनी) ‘ॲड्स मॅनेजर’ उघडा:

१. उद्देश असा निवडा की जाहिरातीवर दाबल्यावर थेट व्हॉट्सॲप उघडेल.

२. ठिकाणाच्या रकान्यात ‘मुंबई’ राहू देऊ नका. पिन टाकून दोन-तीन किलोमीटरचं वर्तुळ करा. इथे डोंबिवलीची खास अडचण आहे. दुकानावर पिन ठेवली की वर्तुळ रुळांच्या पलीकडे पश्चिमेत जातं. नकाशावर ते दीड किलोमीटर असलं तरी पश्चिमेचा माणूस पूल चढून मोदक न्यायला येत नाही. शिवाय स्टेशन वर्तुळात आलं की रोज ये-जा करणारी बाहेरची माणसंही मोजली जातात. पिन पूर्वेकडे, एमआयडीसीच्या बाजूला सरकवा, म्हणजे वर्तुळाची कड रुळांच्या आत राहते. तुमच्या गावात रूळ नसतील तर नदी असेल, हायवे असेल. गिऱ्हाईक काय ओलांडत नाही ते आधी ठरवा.

३. वय २५ ते ६०, बाकी आवडीनिवडी मोकळ्या ठेवा. एवढ्या लहान वर्तुळात आणखी चाळणी लावली की जाहिरात दाखवायला माणसंच उरत नाहीत.

४. एकच फोटो किंवा रील. मजकुरात भाग, भाव, ऑर्डरची शेवटची तारीख.

५. शेवटची तारीख टाका आणि खात्याला खर्चाची मर्यादा घाला. तारीख विसरली की विसर्जन झाल्यावरही मोदकांची जाहिरात चालू राहते आणि पैसे जात राहतात. यूपीआयने आधी थोडे पैसे भरून तेवढेच वापरणं नवख्याला बरं.

मोदकांची जाहिरात चतुर्थीच्या आधी सहा-सात दिवस पुरते. फराळाची दिवाळीच्या वीस दिवस आधी सुरू करा, आणि परदेशी मुलांना फराळ पाठवणाऱ्यांसाठीचा संदेश त्याच्याही तीन आठवडे आधी जायला हवा, कारण पार्सलला वेळ लागतो. परदेशी पाठवण्यासाठी चकली, शंकरपाळे, बेसन लाडू अशा टिकाऊ पदार्थांचाच वेगळा डबा करा. ओल्या नारळाच्या करंज्या त्यात नकोत.

पहिल्या दोन दिवसांत व्हॉट्सॲपवर कोणीच आलं नाही तर आधी फोटो बदला. लोक येतात पण ऑर्डर देत नाहीत, तर जाहिरात ठीक आहे. भावात किंवा उत्तर द्यायच्या वेगात गडबड आहे. गूगलच्या पैशांच्या जाहिराती या आकाराच्या धंद्याने पहिल्या वर्षी केल्या नाहीत तरी चालतं. केल्याच तर ठिकाणाच्या सेटिंगमध्ये ‘त्या भागात असलेले’ हाच पर्याय निवडा. मुळात जो निवडलेला असतो त्यात त्या भागात नुसता ‘रस असलेले’ही येतात, मग ते दिल्लीत बसलेले का असेनात.

फोन येतील, त्यांचं काय करायचं

नोंद झाल्यावर आठवड्याभरात ‘गूगलमधून बोलतोय, तुमचं लिस्टिंग बंद पडणार आहे, फी भरा’ असे फोन सुरू होतात. प्रोफाइल ठेवायला गूगल पैसे घेत नाही. ओटीपी कोणालाही सांगू नका.

दुसरा नमुना मोठ्या ऑर्डरचा. ‘कॅम्पसाठी पाचशे पोळ्या हव्यात, आगाऊ पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका.’ पैसे घेताना यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की फोन ठेवा. आणि पैसे आले का हे समोरच्याच्या स्क्रीनशॉटवर न मानता आपल्या साउंडबॉक्सवर किंवा बँकेच्या ॲपवर बघा.

तिसरे, महिन्याला तीस पोस्टचं पॅकेज विकणारे. ‘शुभ सकाळ’ आणि ‘जागतिक चहा दिन’ची चित्रं दुकानाचं नाव घालून टाकतात. त्यातून पोळी विकली जात नाही. कोणाला काम द्यायचंच असेल तर गूगलवर त्याला ‘व्यवस्थापक’ म्हणून जोडा, मालकी स्वतःकडे ठेवा, पासवर्ड देऊ नका. स्वस्तात वेबसाइट काढून देतो म्हणणाऱ्यालाही सध्या नकार द्या. गूगल प्रोफाइलसोबत मिळणारी फुकट वेबसाइट मार्च २०२४ मध्ये बंद झाली. जुन्या कार्डावर किंवा पाटीवर ‘बिझनेस डॉट साइट’ने संपणारा पत्ता असेल तर तो आता उघडत नाही, त्याजागी व्हॉट्सॲपची लिंक छापा.

काउंटरची वही

प्रोफाइलच्या ‘कामगिरी’ भागात किती फोन आले, किती जणांनी दिशा विचारली आणि लोकांनी काय टाइप करून तुम्हाला शोधलं हे दिसतं. महिन्यातून एकदा बघा. शोधाच्या यादीत ‘पुरणपोळी’ वर दिसू लागली आणि तुमच्या मेनूत ती नसेल, तर होळीआधी काय करायचं ते कळलं.

पण खरा आकडा वहीतून मिळतो. नवीन गिऱ्हाइकाला एकच प्रश्न: ‘कुठून कळलं?’ चार रकाने आखा: गूगल, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, कोणीतरी सांगितलं. समोर एक रेघ आणि ऑर्डरची रक्कम. विचारायचं काम काउंटरवर असेल त्याने करायचं, आणि गर्दीत राहून गेलं तर अंदाजाने रेघ मारायची नाही. दोन महिन्यांनी ज्या रकान्यात रेघा नाहीत तिथला वेळ आणि पैसा काढून घ्या, मग तो इन्स्टाग्रामचा असला तरी.

याच वहीच्या शेवटच्या पानावर सणाची मर्यादा लिहा: चतुर्थीला किती मोदक होतात, तासाला किती, कोण कोण वळणार. त्या आकड्याला ऑर्डरी पोचल्या की त्याच मिनिटाला ॲड्स मॅनेजरमधली जाहिरात थांबवा, व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर ‘चतुर्थीच्या ऑर्डर पूर्ण झाल्या, गौरी-विसर्जनासाठी घेत आहोत’ असं टाका आणि मोदकांचं तयार उत्तरही बदला.